अशक्त पिल्लू कसे जगवावे?
कोंबडीच्या पिल्लांचे पहिले चौदा दिवस



कुंभवली आणि आसपासच्या पाड्यांवर बचत गटाची बैठक भरली की कर्जाच्या हप्त्याखालोखाल विषय निघतो तो कोंबड्यांचा. कुणाची कोंबडी खुडूक बसलेली असते, कुणाची पिल्ले नुकतीच निघालेली असतात. पुढच्या महिन्यात चौकशी केली तर उत्तर बहुधा एकच मिळते : "बारा निघाली होती ताई, आता चार राहिली." काही घारीने नेली, काही मुंगसाने नेली, पण बरीचशी पहिल्या आठवड्यातच "आपोआप" मेलेली असतात.

या "आपोआप" शब्दामागे काय असते, ते समजावून सांगण्यासाठी हा लेख आहे. पहिल्या दोन आठवड्यांत मरणाऱ्या पिल्लांपैकी बरीच गारठ्याने, तहानेने, घाण पाण्याने किंवा आपल्याच घाईने मरतात, आणि हे टाळता येते. त्यासाठी महागडी औषधे लागत नाहीत. पिल्लाला कोणत्या वेळी काय हवे आणि कोणत्या वेळी हात लावू नये, एवढे माहीत असावे लागते. पाड्यावर काम करणाऱ्या आपल्या ताई-दादांनी हा लेख बैठकीत वाचून दाखवावा, अशी विनंती आहे.

कोंबडीचा पैसा बाईचा पैसा

शहरातल्या वाचकांना वाटेल, दहा-बारा पिल्लांसाठी एवढा खटाटोप कशाला? आपल्या वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी कुटुंबांत भाताचे पैसे वर्षातून एकदा येतात. दिवाळीनंतर अनेक घरे वीटभट्टीवर जातात आणि तिथला पैसा आधीच घेतलेल्या उचलीत वळता होतो. औद्योगिक वसाहतीतली मजुरी आज आहे तर उद्या नाही. अशा घरात अडीअडचणीला हात देते ती कोंबडी. मूल तापाने फणफणले, आश्रमशाळेत जाणाऱ्या मुलीला पेटी घ्यायची आहे, पाहुणा दारात आला, तर कोंबडी विकली किंवा कापली जाते. मुख्य म्हणजे कोंबडीचा पैसा बाईच्या हातात येतो आणि तिच्याच हातून खर्च होतो. आठ पिल्ले वाढली तर ते त्या बाईचे सहा महिन्यांचे बळ असते. घरातल्या लहानग्यांना आठवड्याला दोन-चार अंडी मिळू लागली, तर त्यांच्या अंगालाही ती लागतात.

सुरुवात अंड्यापासून

अशक्त पिल्लाचे कारण पुष्कळदा अंड्यातच असते. खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

अंडी आठवड्याच्या आतली असावीत. ती मध्यम आकाराची, न तडकलेली आणि स्वच्छ असावीत. घाणीने माखलेले अंडे धुऊन बसवू नये. अंड्याच्या कवचाला बारीक छिद्रे असतात आणि धुताना घाण त्यांतून आत जाते. असे अंडे घरात खावे, उबवायला दुसरे घ्यावे.

एका कोंबडीखाली दहा-बारा अंडी पुरे. ती सर्व एकाच संध्याकाळी ठेवावीत आणि प्रत्येकावर कोळशाने किंवा पेन्सिलीने खूण करावी. कोंबडी बसल्यावर दुसऱ्या कोंबड्या येऊन त्याच टोपलीत अंडी घालतात. बिनखुणेचे अंडे दिसले की ते काढून घ्यावे. हे न केल्यास काही पिल्ले एकविसाव्या दिवशी आणि काही चोविसाव्या दिवशी निघतात. पहिली पिल्ले चालू लागली की कोंबडी त्यांना घेऊन उठते. मागे राहिलेली अंडी गार पडतात आणि त्यांतले पिल्लू कवचाला चोच मारता मारता थकते.

सातव्या ते दहाव्या रात्री अंधारात मोबाइलच्या बॅटरीवर अंडे धरून पाहावे. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर जीव धरला आहे. अंडे सरळ उजळून आरपार दिसले तर ते रिकामे आहे, काढून टाकावे.

कोंबडीच्या अंगावर उवा असतील तर त्या पिल्लांवर जातात. आपल्या आयाबाया टोपलीत चुलीची गार, कोरडी राख पसरतात, ती पद्धत चांगली आहे. आणखी एक गोष्ट : एकाच घरात वर्षानुवर्षे एकच कोंबडा आणि त्याच्याच पोटच्या कोंबड्या राहिल्या की पिल्ले कमजोर निघत जातात. शेजारच्या पाड्याशी कोंबडा बदलून घ्यावा. यात खर्च काहीच नाही.

कवच फोडायला मदत करावी का?

बैठकीत सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. उत्तर समजण्यासाठी आत काय चालते ते पाहू.

कोंबडीच्या अंड्यातून पिल्लू २१ दिवसांनी बाहेर येते. शेवटच्या दोन दिवसांत ते प्रथम आतला पापुद्रा फोडून अंड्याच्या रुंद टोकाकडच्या हवेच्या पोकळीत चोच घालते आणि तिथे पहिला श्वास घेते. मग चोचीवरच्या एका लहानशा कठीण टोकाने कवचाला भोक पाडते. हे टोक काही दिवसांनी गळून पडते. भोक पडल्यावर पिल्लू बराच वेळ निपचित राहते. आपल्याला वाटते ते अडकले. खरे तर त्या वेळी आत महत्त्वाचे काम चालू असते : पापुद्र्याच्या शिरांतले रक्त पिल्लाच्या अंगात परत येत असते आणि उरलेला पिवळा बलक बेंबीवाटे पोटात ओढला जात असतो. हा बलक म्हणजे त्याची पहिल्या दोन-तीन दिवसांची शिदोरी. हे पुरे होण्याआधी आपण कवच सोलले, तर रक्त वाहते, बेंबी उघडी राहते आणि धडधाकट पिल्लू आपल्या हातून मरते.

म्हणून पहिले भोक दिसल्यापासून साधारण २४ तास थांबावे. तेवढ्या वेळात अंड्यातून चिवचिव ऐकू येत असेल, भोक हळूहळू मोठे होत असेल, तर हात लावू नये.

२४ तास उलटूनही काहीच पुढे सरकले नाही आणि भोकातून दिसणारा पापुद्रा कोरडा, पिवळट-तपकिरी झाला असेल, तर पिल्लू त्या वाळलेल्या पापुद्र्यात खरोखर अडकलेले असते. अशा वेळी हात साबणाने धुवावेत. स्वच्छ फडके कोमट पाण्यात भिजवून, पिळून पापुद्रा ओला करावा. चोचीत किंवा नाकपुडीत पाणी जाऊ देऊ नये. मग रुंद टोकाकडून कवचाचे अगदी लहान तुकडे एक-एक करून काढावेत. रक्ताचा एक थेंब जरी दिसला तरी लगेच थांबावे, अंडे उबेत ठेवावे आणि तीन-चार तासांनी पुन्हा पाहावे. डोके आणि मान मोकळी झाली की पुरे. उरलेले कवच पिल्लाने स्वतः ढकलावे, त्या ढकलण्याने त्याच्या पायांत बळ येते.

ऊब हे पहिले औषध

नुकत्याच निघालेल्या पिल्लाचे वजन जेमतेम ३०-४० ग्रॅम असते. अंगावर नुसती लव असते, पिसे नसतात. स्वतःच्या शरीराची ऊब टिकवणे त्याला पहिले तीन-चार आठवडे जमत नाही. कोंबडीचे अंग माणसापेक्षा गरम असते, सुमारे ४१ अंश सेल्सियस. पिल्लू गारठले की धावत तिच्या पंखाखाली शिरते, ऊब घेते आणि पुन्हा दाणे टिपायला निघते. अशक्त पिल्लाला एवढे धावता येत नाही. ते मागे राहते, गारठते, गारठले की खात नाही आणि खाल्ले नाही की आणखी गारठते. या फेऱ्यातून त्याला बाहेर काढायचे तर आधी ऊब, नंतर पाणी आणि शेवटी खाणे, हाच क्रम हवा. गारठलेल्या पिल्लाच्या पोटात अन्न पचत नाही, म्हणून आधी भरवण्याचा प्रयत्न करू नये.

सरकारी योजनेतून किंवा उबवणी केंद्रातून खोक्यातून येणाऱ्या पिल्लांना तर आईच नसते. बंगळूरला विकसित झालेली गिरिराज आणि हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेची वनराज या जाती गावरान कोंबडीपेक्षा जास्त अंडी देतात, पण त्या सहसा खुडूक बसत नाहीत. त्यांची पिल्ले यंत्रात उबवलेली असतात. अशी पिल्ले पाड्यावर आली की त्यांची आई आपणच.

उबेची व्यवस्था अशी करावी : पुठ्ठ्याचा किंवा पत्र्याचा साधारण एक-दीड फूट उंच गोल आडोसा करावा. कोपरे ठेवू नयेत, कारण पिल्ले कोपऱ्यात दाटी करून एकमेकांखाली चिरडतात. खाली दोन-तीन इंच भाताचा कोरडा तूस पसरावा. मधोमध बल्ब टांगावा. जुन्या पद्धतीचा, तार तापणारा पिवळा बल्बच हवा. एलईडी बल्ब उजेड देतो, पण ऊब देत नाही. एका पिल्लामागे दोन वॅट हा ढोबळ हिशेब धरला, तर २५-३० पिल्लांना ६० वॅटचा एक बल्ब पुरतो. तो दिवसरात्र चालला तरी २४ तासांत दीड युनिटपेक्षा कमी वीज लागते.

पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीवर ३५ अंश सेल्सियसच्या आसपास ऊब हवी. पुढे दर आठवड्याला साधारण तीन अंशांनी ती कमी करत जावी, म्हणजे बल्ब थोडा थोडा वर घ्यावा. थर्मामीटर नसेल तर पिल्लांकडेच पाहावे. बल्बखाली गोळा होऊन केविलवाणी ओरडत असतील तर थंडी वाजते आहे, बल्ब खाली घ्यावा. बल्बपासून दूर जाऊन, चोच उघडून धापा टाकत असतील तर उकडते आहे, बल्ब वर घ्यावा. सगळी एका बाजूला सरकली असतील तर दुसऱ्या बाजूने वारा येतो आहे, तिकडे गोणपाट लावावे. सर्वत्र पसरून खात-पीत, झोपत असतील तर सगळे ठीक आहे. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे दिवसा बल्बाची गरज पडत नाही, पहाटे मात्र पडते.

वीज गेली किंवा नसलीच तर बाटलीत गरम पाणी भरून, ती फडक्यात गुंडाळून पिल्लांमध्ये ठेवावी आणि गार होताच बदलावी. बंद झोपडीत निखाऱ्यांचे मडके ठेवून दार लावून झोपू नये. त्या धुराने पिल्लेच काय, माणसेही दगावतात, आणि तूस पेट घेतो.

आईविना पिल्लांसाठी एक जुनी युक्तीही आहे. घरात खुडूक गावरान कोंबडी असेल, तिची पिल्ले नुकतीच निघाली असतील, तर त्याच वयाची चार-पाच परकी पिल्ले रात्री अंधारात हळूच तिच्या पंखाखाली सरकवावीत. पुष्कळ कोंबड्या सकाळी ती आपलीच मानतात. पहिला दिवस मात्र लक्ष ठेवावे. टोचू लागली तर पिल्ले काढून घ्यावीत.

पाणी आणि दाणा

पिल्लू कोरडे होऊन उभे राहिले की त्याला पाणी दाखवावे. पाणी उकळून कोमट केलेले असावे. पहिल्या काही तासांपुरते त्यात गूळ किंवा साखर विरघळवावी : एका लिटरला तीन-चार चमचे. अशक्त पिल्लाची चोच एकदाच, फक्त टोकापुरती पाण्यात बुडवावी. ते आपोआप डोके वर करून गिळते. तोंड उघडून पाणी ओतू नये, ते श्वासनळीत जाते. फारच मलूल असेल तर बोटावरचा एक थेंब चोचीच्या कडेला लावावा, चाटू द्यावा, पुन्हा थोड्या वेळाने दुसरा.

भांडे उथळ हवे. बशीत स्वच्छ धुतलेले खडे ठेवावेत, म्हणजे पिल्लू पाण्यात पडून भिजत नाही. पाणी दिवसातून दोन-तीन वेळा बदलावे. कुंभवली, कोलवडे, पाम अशा औद्योगिक वसाहतीलगतच्या गावांत राहणाऱ्यांनी एक काळजी जास्त घ्यावी. ज्या विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याला रंग किंवा वास आहे, ते पिल्लांना देऊ नये. आपण जे पाणी पितो तेच त्यांना द्यावे. भंगारातून आणलेले रसायनांचे निळे पिंप कापून पाण्याचे भांडे करू नये. कारखान्यातून आलेले, डाग पडलेले पुठ्ठे आणि पोती पिल्लांखाली घालू नयेत.

खायला पहिले दोन दिवस मक्याचा बारीक भरडा किंवा तांदळाची कणी गोणपाटावर पसरून द्यावी. बोटाने टकटक केले की पिल्ले कोंबडीने टोचावे तसे समजून टिपू लागतात. पण नुसत्या कणीवर पिल्लू वाढत नाही, पिसे फुटायला प्रथिने लागतात. जमेल त्यांनी पिल्लांचे तयार खाद्य घ्यावे. ते न जमल्यास उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून द्यावा. आपल्या किनाऱ्यावर मिळणारा सुका जवळा पाण्यात धुऊन, वाळवून, कुटून थोडा थोडा मिसळावा. खारवलेली मासळी मात्र देऊ नये, कारण जास्त मीठ पिल्लांना विषासारखे असते. पाड्यावरची मुले वारुळाची ढेकळे फोडून वाळवी आणतात, ते पिल्लांचे उत्तम खाणे आहे.

नेहमी दिसणाऱ्या तक्रारी

*पाय फाकणे.* पिल्लाचे दोन्ही पाय बाजूला सरकतात आणि त्याला उभे राहता येत नाही. वर्तमानपत्र किंवा प्लॅस्टिकसारख्या गुळगुळीत जागेवर ठेवल्याने हे बहुधा होते. खाली गोणपाट घालावे. मऊ कापडाच्या चिंधीने दोन्ही पाय नेहमीच्या अंतरावर, साधारण बोटभर-दोन बोटांची जागा सोडून, सैल बांधावेत. पहिल्या एक-दोन दिवसांतच बांधले तर तीन-चार दिवसांत पाय बहुतेक सरळ होतात. उशीर केला तर होत नाहीत.

*बुडाला घाण चिकटणे.* विष्ठा वाळून छिद्र बंद होते, पिल्लाचे पोट फुगते आणि ते मरते. अति उष्णता, गारठा किंवा प्रवासाचा ताण ही याची कारणे. कोमट पाण्यात भिजवलेल्या फडक्याने ती मऊ करून पुसावी, ओढू नये, लव उपटते. नंतर पिल्लू कोरडे करून उबेत ठेवावे. दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ तपासावे.

*बेंबी न सुकणे.* बेंबी ओली, लाल किंवा काळपट दिसली तर तिला पोव्हिडोन आयोडीनचे बोट लावावे आणि त्या पिल्लाला वेगळे, कोरड्या फडक्यावर ठेवावे. पोट मऊ, फुगलेले आणि दुर्गंधी येत असेल तर संसर्ग आत गेलेला असतो. असे पिल्लू सहसा वाचत नाही.

*पायाची बोटे आत वळणे, मान मागे वाकडी होणे.* हे बहुधा ब गटातल्या जीवनसत्त्वांच्या कमतरतेने होते. पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगून पाण्यात घालायचे औषध घ्यावे. लवकर दिल्यास गुण येतो.

*रक्ताची हगवण.* ही दोन-तीन आठवड्यांच्या पिल्लांत, ओल्या तुसातून होते. पावसाळ्यात जास्त. पिल्ले पंख सोडून, डोळे मिटून उभी राहतात. तूस ताबडतोब बदलावा आणि डॉक्टरांकडून औषध घ्यावे, हिला घरगुती उपाय पुरत नाही. एरवीही तूस रोज हलवावा आणि मुठीत दाबून पाहावा. लाडूसारखा गोळा झाला तर तो ओला आहे.

माणसांच्या तापाच्या गोळ्या किंवा कॅप्सूल फोडून पाण्यात घालू नयेत. पिल्लाच्या वजनाला त्याचे प्रमाण काढता येत नाही.

अशक्त पिल्लू वेगळे करताना एकटे ठेवू नये. सोबतीला एक शांत, निरोगी पिल्लू ठेवावे. त्याला टिपताना पाहून अशक्त पिल्लूही टिपते. ठणठणीत झाले की रात्रीच्या वेळी परत कळपात सोडावे. पिल्लांना हात लावल्यावर सर्वांनी साबणाने हात धुवावेत. लहान मुले पिल्लांचे पापे घेतात, ते थांबवावे, त्याने मुलांना जुलाब होऊ शकतात.

लस सगळ्या पाड्याने मिळून

एवढे करून जगवलेली पिल्ले दोन महिन्यांची होतात आणि एका आठवड्यात सगळा पाडा रिकामा होतो, असेही आपण पाहिले आहे. हे काम बहुधा मानमोडीचे, म्हणजे राणीखेत रोगाचे. भारतात हा रोग १९२८ च्या सुमारास हिमालयातल्या राणीखेत गावी आढळला, म्हणून हे नाव. मान वाकडी होते, हिरवट हगवण लागते, पक्षी धापा टाकतो. यावर औषध नाही, लस मात्र आहे.

पिल्लू पाच ते सात दिवसांचे झाले की लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात घालतात. चौथ्या आठवड्याच्या सुमारास ती पुन्हा द्यावी लागते आणि पुढे सहा ते आठ आठवड्यांदरम्यान टोचण्याची लस असते. पशुवैद्यकीय दवाखान्यात वेळापत्रक मिळते. अडचण अशी की लसीची बाटली शंभर पक्ष्यांची असते. ती बर्फात आणावी लागते आणि विरघळवल्यावर सुमारे दोन तासांत संपवावी लागते. दहा पिल्लांसाठी एकटी बाई बाटली कशी आणणार? म्हणून पाड्यातल्या दहा-बारा घरांनी मिळून एक सकाळ ठरवावी. पिल्ले रात्रीच डालग्याखाली झाकलेली असली की सकाळी तासाभरात काम होते. उमेद अभियानातल्या पशुसखी यात मदत करतात. आजारी पिल्लाला लस देऊ नये.

एकाच वेळी पुष्कळ पक्षी मेले तर ते खाऊ नयेत, विकू नयेत, नाल्यात टाकू नयेत. २००६ साली बर्ड फ्लू भारतात प्रथम आढळला तो आपल्यासारख्याच आदिवासी भागात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. लगेच दवाखान्याला कळवावे किंवा १९६२ या मोफत क्रमांकावर फोन करावा.

योजनेची पिल्ले घेताना

एका वर्षी ऐन जुलैत एका योजनेतून एक दिवसाच्या पिल्लांचे खोके पाड्यावर आले. छप्पर गळत होते, वीज दोन दिवस नव्हती. आठवड्याभरात बहुतेक घरांतली पिल्ले संपली आणि कागदावर मात्र लाभ दिला गेल्याची नोंद झाली. बायांनी त्याचा दोष स्वतःच्या नशिबाला दिला. तो नशिबाचा दोष नव्हता.

म्हणून ग्रामसभेत किंवा गटाच्या बैठकीत ठामपणे सांगावे : पिल्ले द्यायची तर चार आठवडे वाढवलेली द्या. योजनांमध्ये पिल्ले तेवढी मोठी करून देण्यासाठी मदर युनिट असतात. एक दिवसाचीच मिळणार असतील तर पावसाळा संपल्यावर द्या आणि येण्याची तारीख आठ दिवस आधी कळवा, म्हणजे आडोसा, तूस आणि बल्ब तयार ठेवता येतील. पिल्ले यायच्या आधी काही तास बल्ब लावून जागा गरम झालेली असावी. वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांनी निघण्याच्या तोंडावर पिल्ले घेऊ नयेत. मागे राहिलेली आजी सांभाळणार असेल तर तिला या सर्व गोष्टी आधी शिकवाव्यात. आमच्या अनुभवात सर्वांत नीट शिकतात त्या आजीच. कुंभवलीजवळच्या एका पाड्यावरच्या आजींना आकडे वाचता येत नाहीत, पण पिल्लांच्या आवाजावरून बल्ब किती वर-खाली करायचा हे त्या अचूक सांगतात. यंदा त्यांच्या अकरांपैकी नऊ पिल्ले मोठी झाली.

जे वाचत नाही

सगळे केले तरी काही पिल्ले जातात. काही आतूनच अपुरी असतात. दोन दिवस ऊब, पाणी, सोबत देऊनही जे उभे राहत नाही, डोळे उघडत नाही, ते बहुधा जाणार हे ओळखावे. तरी त्याला शेवटपर्यंत उबेत ठेवावे, मुलांना खेळायला देऊ नये. मेलेले पिल्लू खोल खड्ड्यात, वर चुना टाकून पुरावे, म्हणजे कुत्री उकरत नाहीत आणि रोग पसरत नाही.

प्रभू येशूने यरुशलेमेसाठी शोक केला तेव्हा स्वतःला गरुडाची किंवा सिंहाची उपमा दिली नाही. पिल्लांना पंखाखाली गोळा करू पाहणाऱ्या कोंबडीची दिली. मत्तय आणि लूक या दोन्ही शुभवर्तमानांत हा प्रसंग आहे. धर्मशिक्षण घेताना मी तो अनेकदा वाचला होता, पण पाड्यावर पावसात भिजलेली कोंबडी पंख पसरून बसलेली पाहिली तेव्हा तो नीट कळला. ती स्वतः भिजत होती आणि खाली पिल्ले कोरडी होती. दुर्बळाची काळजी घ्यायला देवाने सर्वांना बोलावले आहे. एखाद्या बाईची नऊ पिल्ले जगावीत म्हणून रात्री दोनदा उठणे हीसुद्धा त्याच सेवेतली गोष्ट आहे, असे मला वाटते.

पावसाळा संपला की आपल्या गटांमध्ये पुन्हा अंडी बसवायला सुरुवात होईल. ज्यांच्या घरी जुने पिवळे बल्ब, होल्डर, वायर, साधे थर्मामीटर किंवा लस आणण्यासाठी बर्फाचा डबा पडून असेल, त्यांनी तो केंद्रावर आणून द्यावा. ज्या मंडळीत पशुवैद्यकीय काम जाणणारे कुणी असतील, त्यांनी लसीकरणाच्या सकाळी दोन तास द्यावेत. आणि पाड्यावरच्या आयाबायांसाठी, त्यांच्या मुलांसाठी आणि त्यांच्या लहानशा कळपांसाठी आपल्या प्रार्थनेत आठवण ठेवावी.